ट्रू लाइज (१९९४): हेरपट, मारधाडपट की सरळसरळ संसारपट?

पावशेर (धागाकर्ता)

रविवारी घरी 'ट्रू लाइज' पुन्हा पाहिला. आम्ही दोघं आणि दहावीतली लेक. १९९४ ला तो आला तेव्हा मी कॉलेजात होतो. डोक्यात उरलं होतं ते एवढंच: हॅरियर विमान, उडणारा पूल, लिफ्टमध्ये घुसलेला घोडा आणि शेवटचं "यू आर फायर्ड".

या वेळी भलतंच दिसलं. मधला पाऊण-एक तास अतिरेकी जवळजवळ गायब! अणुबाँबची कोणाला फिकीर नाही. गुप्तहेर हॅरी टास्कर, म्हणजे श्वार्झनेगर, सरकारी हेलिकॉप्टर, सरकारी माणसं आणि सरकारी यंत्रं घेऊन स्वतःच्या बायकोच्या मागे लागलाय, कारण तिचं बाहेर काहीतरी सुरू आहे असा त्याला संशय. आणि हा बाबा स्वतः पंधरा वर्षं तिला सांगतोय की मी कॉम्प्युटर विकतो.

तर याला बसवायचं कुठे? हेरपट म्हणावा तर हेरगिरी पहिल्या वीस मिनिटांत उरकते. विनोदी म्हणावा तर माणसं माशांसारखी मरतात. थरारपट म्हणावा तर थरार मधे तासभर रजेवर. माझ्या मते हा संसारपट आहे. घरातली भांडी आपटायच्या ऐवजी पूल पाडलेत, इतकंच. पण मग नव्वदच्या दशकातल्या त्या मारधाड-विनोद-थरार मिसळीत त्याची जागा कोणती? आणि असा दुसरा का झाला नाही?

सिनेमा संपल्यावर बायकोने एकच विचारलं, "तू ऑफिसात नक्की काय करतोस रे?" मी ऑडिटमध्ये आहे. बावीस वर्षं हेच सांगतोय.

तिरकस

मधे अतिरेकी कुठे गेले म्हणता? दुपारी एक ते चार बंद. अड्डा पुण्यात असणार.

मिरजकर

आम्ही होस्टेलवरचे सात जण अलकाला गेलो होतो. इंग्रजी यायचं फक्त एकाला, म्हणून त्याला मधोमध बसवलं. तो एक वाक्य ऐकणार, मग डावी-उजवीकडे भाषांतर करणार, तोवर पुढची तीन वाक्यं निघून जाणार. घोड्याच्या प्रसंगाला मात्र भाषांतर लागलं नाही. अतिरेकी मोटरसायकलवरून हॉटेलच्या गच्चीवरून थेट खालच्या स्विमिंग पुलात उडी मारतो आणि आपल्या हिरोचा घोडा ऐन कडेला येऊन अडतो. हिरो उतरून त्या घोड्याला समजावतो, रागावतो. थेटर नुसतं कोसळलं होतं. आमच्या वाड्यातला गवळी आपल्या म्हशीशी हुबेहूब असाच बोलायचा.

कोकणकन्या

मला हा सिनेमा पूर्णपणे जेमी ली कर्टिसचा वाटतो. तिला यासाठी विनोदी-संगीतमय गटात सर्वोत्तम अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब मिळाला, आणि तो दिवाळी बोनस नव्हता, कमावलेला होता. सुरुवातीची ती चष्मेवाली, कंटाळलेली हेलन, हॅरीची बायको, आठवा. मैत्रिणीला सांगते की झोप येत नसली की मी नवऱ्याला विचारते, आजचा दिवस कसा गेला? तो सांगायला लागला की सहा सेकंदांत मला झोप. हे ऐकून मी उठून बसले होते. किती घरांत हेच चालतं!

आणि ती मशीनगन हातातून निसटून जिन्यावरून गडगडत जाते, गडगडताना आपोआप गोळ्या झाडते आणि जिन्यातले सगळे गुंड आडवे. कोणी नेम धरला नाही, कोणी शौर्य केलं नाही. मारधाड आणि विनोद वेगवेगळ्या वाट्यांत न वाढता एकाच घासात. बाकीच्या सिनेमांत आधी गोळीबार होतो, मग कोणीतरी विनोदी वाक्य टाकतं. इथे गोळीबार हाच विनोद आहे.

तिरकस

@पावशेर, ऑडिट म्हणजे तर सगळ्यात संशयास्पद उत्तर. वहिनींना पूर्ण पाठिंबा.

ल्योंकर

मूळ सिनेमाचं नाव अजून कोणी घेतलं नाही, म्हणून घेतो. हा फ्रेंच 'ला तोताल'चा रीमेक. १९९१, दिग्दर्शक क्लोद झिदी, नवऱ्याच्या भूमिकेत तिएरी लेर्मित, बायको मियू-मियू. इथे फ्रान्सला आल्यावर भाषा शिकायला म्हणून पाहिला. सांगाडा तोच: गुप्तहेर नवरा, अंधारात ठेवलेली बायको, हेर असल्याच्या थापा मारून तिच्याभोवती घुटमळणारा भामटा, आणि नवऱ्याने सरकारी खर्चाने रचलेला तो सापळा.

फरक आकाराचा. फ्रेंच सिनेमा म्हणजे दरवाजे उघडतात-मिटतात, चुकीचा माणूस चुकीच्या खोलीत शिरतो, त्या जातीची प्रहसनं. आपल्याकडच्या नाट्यगृहात रविवारी दुपारी चालतील अशी. श्वार्झनेगरने ही गोष्ट जेम्स कॅमेरॉनकडे नेली आणि कॅमेरॉनने त्याला जेट विमानं जोडली. म्हणजे पावशेर म्हणतात तो मधला तास मधे घुसलेला नाहीच. तोच मूळ सिनेमा आहे! अणुबाँब नंतर चिकटवलाय.

पावशेर

@ल्योंकर, जबरी माहिती. मी उलटा विचार करत होतो, म्हणजे हेरपटात संसार कसा शिरला. प्रत्यक्षात प्रहसनात हेरपट घुसलाय.

बॉम्बिल

मग शंभर मिलियन डॉलरचं प्रहसन झालं हे. तेव्हा बातम्यांत येत होतंच की हा आजवरचा सर्वात खर्चिक सिनेमा. दहा कोटी डॉलर ओलांडणाऱ्या पहिल्या काही सिनेमांत गणला जातो. वसूलही झाले म्हणा, जगभरात ३७ कोटींच्या वर. त्या वर्षी त्याच्या पुढे दोनच, 'लायन किंग' आणि 'फॉरेस्ट गम्प'.

गोंयकार_वास्को

हॅरियर म्हटल्यावर राहवलं नाही. आमचं घर वास्कोला. दाबोळीला नौदलाचा हंसा तळ. तिथे आपल्या नौदलाची सी हॅरियर होती, १९८३ च्या डिसेंबरात पहिली आली. शाळेत बाई फळ्यावर लिहीत असताना वरून एक गेलं की बाई खडू धरून तशाच थांबायच्या. आवाज ओसरला की मग पुढचं अक्षर. सिनेमातल्या अमेरिकन मरीनची विमानं वेगळ्या पिढीची, पण जात तीच.

आता कुजकं बोलतो. सिनेमात हॅरी मायामीतल्या उंच इमारतीसमोर हॅरियर हवेत थांबवून धरतो, त्याची पोरगी विमानाच्या नाकाडावर पडून, अतिरेकी शेपटीकडे, वर मारामारी. हॅरियर हवेत थांबतं ते इंजिनाच्या चार तोंडांतून झोत खाली वळवून. पूर्ण वजनाने थांबायचं तर इंजिनात पाणी फवारावं लागतं, आणि ते पाणी सुमारे दीड मिनिट पुरतं. शिवाय पोरगी जिथे लोंबकळतेय त्याच्या मागेच हवा ओढणारी दोन भली मोठी तोंडं. त्यात रुमाल गेला तरी कल्याण, इथे अख्खी पोरगी! पण मी तो प्रसंग वीसेक वेळा पाहिलाय आणि दर वेळी श्वास रोखून.

मे २०१६ मध्ये हंसावरच सी हॅरियरना निरोप दिला. वडील त्या दिवशी बाहेर अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

बॉम्बिल

तीन हॅरियर आणि वैमानिक मरीन कोअरनेच भाड्याने दिले होते. भाडं सुमारे एक लाख डॉलर. इतक्या खर्चिक सिनेमातली सगळ्यात स्वस्त वस्तू बहुतेक तीच. मायामीच्या प्रसंगात मात्र खरं विमान नव्हे, पूर्ण आकाराची प्रतिकृती इमारतीच्या गच्चीवर यंत्रावर बसवून हलवली होती. म्हणून श्वार्झनेगरच्या मागे दिसतं ते खरं शहर आणि खरी उंची. आजच्या हिरव्या पडद्यापुढे ते अजून टिकतं त्याचं कारण हे.

तळ्यातला_बेडूक

लग्नाच्या वरातीला तासाला किती लावतील? एका भावाचं ठरलंय.

टॅम्पाकर

पुलाबद्दल. सेव्हन माइल ब्रिज. आम्ही फ्लोरिडात आलो त्याच वर्षी आई-बाबांना घेऊन की वेस्टला गेलो. नवरा गाडी चालवताना एकसारखा "इथेच उडाला, इथेच उडाला" करत होता आणि सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. खरं म्हणजे सिनेमातला तो शेजारचा जुना पूल. मुळात हेन्री फ्लॅग्लरच्या रेल्वेचा, १९१२ चा. १९३५ च्या वादळाने रेल्वे बुडाली, मग त्यावर मोटारीचा रस्ता केला. १९८२ ला नवा पूल झाला आणि जुना मोकळा पडला. त्याचा एक तुकडा आधीच काढलेला होता, चित्रीकरणाला ते आयतंच पडलं. क्षेपणास्त्रांनी उडतो तो मात्र मोठा नमुना आहे. आता जुन्या पुलाचा पिजन की पर्यंतचा भाग दुरुस्त करून चालायला आणि सायकलला खुला केलाय. पेलिकन भरपूर.

मिरजकर

पेलिकन!! ट्रक पुलाच्या तुटक्या कडेवर डुगडुगतोय, आतले जीव मुठीत धरून बसलेत, आता वाचलो म्हणतात तोच एक पेलिकन येऊन बॉनेटवर बसतो आणि ट्रक खाली. हसून हसून पुरेवाट.

शेवंती

सगळे जुन्या आठवणीत रमलेत, म्हणून रंगाचा बेरंग करते.

तो चौकशीचा प्रसंग कोणाला खटकत नाही का? बाईला बुरखेधारी लोक उचलून नेतात. अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसवतात. आरशामागून यंत्राने बदललेल्या आवाजात नवराच विचारतो, तुझं नवऱ्यावर प्रेम आहे का? परपुरुषाबरोबर झोपलीस का? ती ढसाढसा रडते. तेवढ्याने भागत नाही म्हणून हॉटेलच्या खोलीत तिला नाचायला लावतो, स्वतः काळोखात बसून, टेपरेकॉर्डरवर दुसऱ्याच्या आवाजात हुकूम सोडत. तिला वाटतंय समोर अनोळखी माणूस आहे आणि नाही म्हटलं तर तुरुंगात जावं लागेल.

१९९४ ला थेटरात हसले होते मीही. गेल्या वर्षी एकटीने पाहिला तेव्हा हसूच येईना. संसारपट म्हणता ना? संसारात हेच असतं बऱ्याचदा. एकाला सगळं ठाऊक, दुसरी आरशाच्या अलीकडे.

पावशेर

शेवंतीताई, खरं सांगतो, त्या प्रसंगाला मी रिमोट शोधत होतो. लेक शेजारी. ती म्हणाली, "हा हिरो आहे ना? मग हा असं का वागतोय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खडूस_काका

सगळ्याला आजची फूटपट्टी लावली तर पाहायला काही उरणार नाही. तो विनोद आहे, विनोदासारखा घ्यावा. उद्या म्हणाल घोड्यावर अन्याय झाला.

शेवंती

काका, फूटपट्टी आजची नाही हो. तेव्हाच्याही परीक्षणांत या प्रसंगावर टीका झाली होती. आपल्यापर्यंत पोचली नाही, कारण आपण घोड्यावर हसत होतो.

कोकणकन्या

मी दोघांच्या मधे उभी. प्रसंग क्रूर आहे, वाद नाही. पण हेलन नुसती बळी राहत नाही. चौकशीत ती स्टूल उचलून आरशावर हाणते, काच तडकते. हॉटेलात फोन उचलून त्याच्या तोंडावर मारते. आणि खरं कळल्यावर पहिला ठोसा नवऱ्याला. रडताना ती जे सांगते ते मला आजही लागतं: आयुष्यात एकदा तरी काहीतरी धाडसाचं करायचं होतं, कोणालातरी माझी गरज हवी होती. परपुरुष नकोच होता तिला. म्हणून तर सायमनसारखा फडतूस मोटारविक्याही तिला भुलवू शकतो. जुन्या गाड्या विकणारा माणूस स्वतःला हेर म्हणवतो आणि खरा हेर स्वतःला कॉम्प्युटरविक्या! बिल पॅक्स्टनने तो सायमन असा केलाय की चीड आणि कीव एकदम येते.

प्रश्न असा की सिनेमा हॅरीला पुरेशी शिक्षा करतो का? नाही करत. एक ठोसा आणि विषय संपला. तिथे मी शेवंतीबरोबर.

खडूस_काका

असो. ठोसा होता हे मी विसरलो होतो.

नाझ_सोलापूर

शिक्षा न झालेली आणखी एक गोष्ट मी सांगते. 'क्रिमसन जिहाद' नावाची टोळी, सगळे दाढीवाले, ओरडणारे, आणि वर बावळट. म्होरक्याचं जळजळीत भाषण चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी संपते, हा विनोद चांगलाच आहे, मीही हसते. पण अमेरिकेतल्या अरब संघटनांनी १९९४ मध्येच थेटरांबाहेर निदर्शनं केली होती. निर्मात्यांनी शेवटच्या श्रेयनामावलीत एक ओळ घातली, की हे काल्पनिक आहे, कोणत्याही संस्कृतीचं वा धर्माचं चित्रण नाही. तोपर्यंत लोक चपला शोधत असतात.

आणि तो म्होरक्या, अझीझ, म्हणजे आर्ट मलिक. मूळचा बहावलपूरचा, वाढला लंडनला. १९८७ च्या बाँडपटात तो अफगाण मुजाहिद होता, आणि तिथे चांगल्या बाजूचा. सात वर्षांत तोच चेहरा, नुसती बाजू बदलली. सोव्हिएत गेले, रिकाम्या जागेवर कोणीतरी हवं होतं. या दोन भूमिका शेजारी ठेवल्या की त्या दशकाचा इतिहास वेगळा वाचायला लागत नाही. नंतर तोच 'भाग मिल्खा भाग'मध्ये मिल्खाचा बाप झाला. फाळणीत मरतो तो.

बॉम्बिल

नाझ, तो मिल्खाचा बाप होता?! तीनदा पाहिलाय, कधी ओळखलं नाही.

हॅरीच्या तुकडीत फैसल नावाचा एक हेर ठेवलाय, 'आमच्यातही चांगले आहेत' छापाचा. तो नट ग्रँट हेस्लोव्ह पुढे निर्माता झाला आणि 'आर्गो'साठी ऑस्कर घेऊन गेला. प्रश्नमंजूषेत कामी येईल.

तिरकस

आणि एका डोळ्यावर पट्टी लावलेला साहेब म्हणजे चार्ल्टन हेस्टन. समुद्र दुभंगवणारा मोझेस शेवटी सरकारी खात्यात चिकटला. पेन्शन मोठी गोष्ट आहे.

ल्योंकर

नाझच्या मुद्द्याला धरून: दुसरा भाग का निघाला नाही त्याचंही उत्तर इथेच आहे. बोलणी चालू होती. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॅमेरॉननेच सांगितलं की अतिरेकी ही आता हसायची गोष्ट उरली नाही. २०२३ ला अमेरिकेत टीव्ही मालिका आली आणि एका हंगामात गुंडाळली.

टॅम्पाकर

हॅरीच्या मुलीचं, डॅनाचं काम करणारी एलायझा दुश्कू तेव्हा बारा वर्षांची होती. २०१८ मध्ये तिने जाहीर आरोप केला की या चित्रीकरणाच्या काळात तिचं लैंगिक शोषण झालं. ज्याच्यावर आरोप होता त्याने तो नाकारला. जेमी ली कर्टिस आणि कॅमेरॉन दोघांनीही तिच्या धाडसाला जाहीर दाद दिली. ते वाचल्यापासून हॅरियरवर लोंबकळणारी ती पोर पाहताना माझ्या पोटात कालवतं. यावर वाद नको, फक्त नोंदवून ठेवते.

पावशेर

हे मला ठाऊक नव्हतं. नोंदवलंत ते बरं केलंत.

वडापाव_विथ_चटणी

वातावरण हलकं करायला अवांतर: मारधाड, विनोद, थरार एकत्र हे सगळं हॉलिवूडच्या नावावर का टाकताय? महेश कोठारे काय करत होते मग? 'थरथराट' १९८९, 'धडाकेबाज' १९९०, 'झपाटलेला' १९९३. 'धडाकेबाज'मध्ये कवट्या महाकाळसारखा मुखवटेवाला खलनायक, बाटलीतला गंगाराम, लक्ष्याचा डबल रोल आणि वर सिनेमास्कोप. कॅमेरॉनच्या बजेटच्या व्याजात कोठारेंनी दहा सिनेमे काढले असते. डॅम इट!

खडूस_काका

'झपाटलेला' इंग्रजी बाहुल्यावरून उचललेला होता हे विसरू नका.

वडापाव_विथ_चटणी

आणि 'ट्रू लाइज' फ्रेंचवरून. फिट्टंफाट. पण तात्या विंचू गावातला माणूस वाटतो. रामदास पाध्यांची बाहुली आणि प्रभावळकरांचा आवाज, हे काही कोणावरून उचललेलं नाही.

मिरजकर

आमच्याकडे जत्रेतल्या तंबूत 'धडाकेबाज' पाहताना कवट्या आला की पोरं खुर्चीखाली आणि लक्ष्या आला की खुर्चीवर. दोन तास नुसती उठाबशी. हाच तो प्रकार, मधेच घाबरायचं, मधेच हसायचं. त्याच १९९४ ला हिंदीत 'मैं खिलाडी तू अनाडी'ही आला होता. पोलिसाच्या मागे लागलेला सिनेनट. तोही अमेरिकन 'द हार्ड वे'वरूनच म्हणा.

चित्रकाठी

उशिरा येतोय, पण धाग्याचा मूळ प्रश्न कोठारेंच्या बाटलीत अडकलाय म्हणून बाहेर काढतो.

ऐंशीच्या दशकात या प्रकाराचं एक सूत्र पक्कं झालं होतं: दोन पुरुष, एकमेकांशी न पटणारे, एका गाडीत कोंबायचे. १९८२ चं '४८ अवर्स', १९८७ चं 'लीथल वेपन', १९८८ चं 'मिडनाइट रन'. गुन्हा हा नुसता पेट्रोलपंप, खरी गोष्ट त्या दोघांच्या भांडणाची. नव्वदीतही तेच चाललं, 'बॅड बॉइज'पासून 'रश अवर'पर्यंत. बायको असलीच तर घरी. फोनवर.

'ट्रू लाइज' सुरुवातीला हेच सूत्र दाखवून फसवतो. हॅरी आणि त्याचा जोडीदार गिब, म्हणजे टॉम अर्नोल्ड. व्हॅनमध्ये बसून घटस्फोटांवर टोमणे मारणारा. आपल्याला वाटतं हीच जोडी. पण शेवटच्या तासात गिब बाजूला पडतो आणि न पटणारी, एकमेकांना न ओळखणारी, एका संकटात कोंबलेली दोन माणसं म्हणजे नवरा-बायको होतात. खरं बोलायला लावणारं औषध टोचल्यावर तो तिच्याशी लग्नानंतर पहिल्यांदा खरं बोलतो, हा मला अख्ख्या सिनेमातला सगळ्यात चांगला विनोद वाटतो. संवाद सुरू व्हायला इंजेक्शन लागलं. मागे अणुस्फोट आणि पुढे दोघं चुंबन घेतायत, हे चित्र मूर्खपणाचं आहे आणि म्हणूनच बरोबर आहे.

आता असा दुसरा का झाला नाही. एक तर पैसा. प्रहसनाला एवढा पैसा द्यायला त्या वेळचा श्वार्झनेगर आणि 'टर्मिनेटर २' करून आलेला कॅमेरॉन लागतो. आदल्याच वर्षी श्वार्झनेगरचा 'लास्ट ॲक्शन हीरो' 'जुरासिक पार्क'नंतर आठवड्याने लागला आणि चिरडला गेला. तोही मारधाड आणि विनोदाचंच मिश्रण, पण ते सिनेमावर हसत होतं. 'ट्रू लाइज' घरावर हसला.

आणि दुसरं म्हणजे शेवंतीताईंचा मुद्दा. या सिनेमाला खरं उत्तर १९९६ मध्ये मिळालं, 'द लाँग किस गुडनाइट'. तिथे मूल सांभाळणारी, स्मृती गेलेली शिक्षिका स्वतःच जुनी मारेकरी निघते. म्हणजे आरशामागचा माणूस आता बाई. जीना डेव्हिस आणि सॅम्युअल जॅक्सन, लेखन शेन ब्लॅकचं, तोच 'लीथल वेपन'वाला. सिनेमा फारसा चालला नाही, पण माझ्या कप्प्यात तो 'ट्रू लाइज'च्या अर्धा इंच वर. पुढे २००१ ला 'स्पाय किड्स' आला. आई-बाप दोघंही हेर आणि पोरांना पत्ता नाही. खरा वारस तो. लोक २००५ च्या 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ'चं नाव घेतात, पण तिथे दोघंही इतके देखणे की संसार वाटतच नाही. हेलनच्या चष्म्यासारखं काही नाही त्यात.

शेवंती

चित्रकाठी, "आरशामागचा माणूस आता बाई" आवडलं. 'लाँग किस' आज रात्री बघते.

कोकणकन्या

+१. एक जोड: पहिल्या पार्टीत हॅरी टँगो नाचतो तो टिया कॅरेरेबरोबर, आणि शेवटी त्याच सुरावर बायकोबरोबर. 'पोर उना काबेसा', गार्देलचा टँगो. तोच 'सेंट ऑफ अ वुमन'मध्ये आणि 'शिंडलर्स लिस्ट'मध्येही आहे. तीन वर्षांत तीन सिनेमे, हॉलिवूडला तेव्हा एकच कॅसेट मिळत असावी.

बॉम्बिल

ज्यांना आता पाहायचाय त्यांना सावधगिरीची सूचना. वर्षानुवर्षं हा ब्लू-रेवर आलाच नाही. २०२४ ला ४के मध्ये आला तर चेहरे मेणाचे, यंत्राने गुळगुळीत केलेले. चाहते चिडलेत. माझ्याकडे जुनी डीव्हीडी आहे, ती मरेपर्यंत विकणार नाही.

तळ्यातला_बेडूक

विकू नका, भाड्याने द्या. तासाला किती?

खडूस_काका

काल पुन्हा पाहिला. सौ. सोबत. चौकशीच्या प्रसंगाला ती काही बोलली नाही, पण उठून चहा ठेवायला गेली. घोडा यायचा होता तेव्हा तो कधीच होऊन गेला होता, म्हणून मागे नेऊन लावला. तिथे दोघंही हसलो. शेवंती, तुमचं चूक नव्हतं.

शेवंती

काका, चहा मला पण.

तिरकस

ते सगळं ठीक. @पावशेर, वहिनींना उत्तर दिलंत का, ऑफिसात काय करता ते?

पावशेर

काल रात्री दिलं. सगळं पहिल्यापासून सांगायला बसलो. जीएसटीच्या ताळमेळापर्यंत पोचलो आणि वळून पाहिलं तर घोरत होती.